नोंदणी झाली, आता पुढे काय? नव्या नर्ससाठी शिक्षणाची आणि करिअरची दिशा ठरवण्याची पद्धत

पहाटे चारच्या सुमारास पेशंट जरा शांत होतात. पाचच्या व्हायटल्सना अजून वेळ असतो. तेव्हा नाईटच्या मुली पँट्रीत चहा टाकतात आणि मला हमखास तोच प्रश्न येतो: "सिस्टर, पोस्ट बेसिक करू, जर्मन लावू, का नॉरसेटची तयारी करू?" एका दमात तिन्ही: पुढचं शिक्षण, परदेशासाठी जर्मन भाषा आणि एम्सची सरकारी भरती परीक्षा. विचारणारी बावीस-तेवीस वर्षांची असते, गावाकडून आलेली, तिघींबरोबर एका खोलीत राहणारी आणि लागोपाठच्या नाईटने दमलेली.

मी लगेच उत्तर देत नाही. आधी विचारते, "तुझी फाइल कुठे आहे?" त्यावर "कसली फाइल?" असं आलं, की आम्ही तिथूनच सुरुवात करतो. तुम्हीही तिथूनच करा.

आधी फाइल लावा

जीएनएम (नर्सिंगची पदविका) असो वा बीएस्सी (पदवी), निकालानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हे पहिलं काम. आरएन (नर्स) आणि आरएम (मिडवाइफ), दोन्ही. प्रमाणपत्र हातात पडलं की त्यावरची वैधता बघा. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना केलेल्या शिक्षणाचे, तास दाखवावे लागतात. हे तास पाचव्या वर्षी घाईघाईने गोळा करणाऱ्या सिस्टर मी दरवर्षी बघते. दर वर्षी एक-दोन कार्यशाळा केल्या आणि प्रमाणपत्रं त्याच दिवशी फाइलला लावली, तर हा त्रास उरत नाही. भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या लाइव्ह रजिस्टरमधला एनयूआयडी (देशपातळीवरचा ओळख) क्रमांकही काढून ठेवा.

मग नाव तपासा. आपल्याकडे शाळेत आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर हाच क्रम वेगळा पडतो. त्यात कुठे एखादं इंग्रजी अक्षर कमी, कुठे जास्त. दहावीची गुणपत्रिका, आधार, कौन्सिलचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट यांवर नाव अक्षर न अक्षर जुळायला हवं. परदेशातल्या पडताळणीत अशा फरकांवरूनच अर्ज महिनोन् महिने अडकतात. लग्नानंतर नाव बदलायचं असेल, तर कोणती कागदपत्रं कोणत्या क्रमाने बदलायची हे आधी ठरवा. अर्धी जुन्या नावावर आणि अर्धी नव्या नावावर, ही सर्वांत वाईट अवस्था.

तिसरा कागद अनुभवाच्या दाखल्याचा. तो नुसता "यांनी आमच्याकडे काम केले" असा घेऊ नका. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, कोणत्या विभागात काम केलं, पूर्णवेळ की कसं आणि रुग्णालय किती खाटांचं, हे सगळं त्यात हवं. खाटांचा आकडा का महत्त्वाचा, ते पुढे सरकारी परीक्षांपाशी कळेल. पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं पासबुकही जपा.

हे मी पोळलेल्या हाताने सांगते आहे. माझी पहिली नोकरी एका तालुक्याच्या गावातल्या खासगी रुग्णालयात होती. बाँड लिहून दिला होता आणि मूळ गुणपत्रिका त्यांच्याकडे जमा केल्या होत्या, कारण सगळ्याच मुली करत होत्या. दहा महिन्यांनी रजेवरून वाद झाला आणि मी रडत रडत बॅग भरून घरी आले. रिलिव्हिंग लेटर मागितलंच नाही. गुणपत्रिका परत मिळवायला वडिलांना चार खेपा घालाव्या लागल्या. पुढे अनुभव मोजायची वेळ आली, तेव्हा ते दहा महिने कागदावर शून्य होते. म्हणून नव्या मुलींना सांगते: मूळ कागदपत्रं कुणाकडे ठेवायला देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. बाँडवर सही करण्याआधी तो वाचा. मुदत किती, मधेच सोडलं तर रक्कम किती, नोटीस किती दिवसांची. आणि कितीही राग आला तरी राजीनामा लेखी द्या, पोच घ्या, नोटीसचे दिवस भरा.

पहिलं वर्ष: कामाची वही

फाइल लागली की दिशेचा विचार. इथे बहुतेकींची एक गल्लत होते. पहिल्या चार-सहा महिन्यांत नर्सिंगचा जो उबग येतो, त्यावरून आयुष्याचा निर्णय घेतला जातो. "मला बेडसाइड नको, मी टीचिंगला जाते." खरं तर उबग वॉर्डातल्या माणसांच्या तुटवड्याचा असतो. निकषांप्रमाणे व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स लागते. तुम्ही एकटीने असे दोन-तीन पेशंट सांभाळत असाल, तर तुम्हाला आयसीयू आवडत नाही असं अजून सिद्ध झालेलं नाही. तुम्ही नीट केलेली आयसीयू अजून बघितलेलीच नाही.

म्हणून एक साधी वही ठेवा. दर आठवड्याला दोनच ओळी. कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही, आणि कोणत्या कामाआधी पोटात गोळा आला. सहा महिन्यांनी वही चाळलीत की तुमचं तुम्हालाच दिसेल. माझ्या एका ज्युनिअरच्या वहीत सगळीकडे नातेवाइकांशी झालेलं बोलणं होतं. डायबेटिसच्या आजोबांना इन्सुलिन कसं घ्यायचं शिकवलं, बाळंतिणीला अंगावर पाजायला बसवलं. पंप, मॉनिटर, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) यांचा उल्लेख क्वचित. तिला सगळे आयसीयूत ढकलत होते, कारण तिथे भत्ता जास्त होता. ती आज सार्वजनिक आरोग्यात आहे.

थकवा आणि नावड वेगळी कशी ओळखायची? दोन दिवस सुट्टी घेऊन, पोटभर झोपून परत या. तरी त्याच कामाचा कंटाळा असेल, तर ती नावड. काम बरं वाटलं आणि रोस्टर बघून पोटात गोळा आला, तर अडचण त्या रुग्णालयाची आहे. तेव्हा रुग्णालय बदला, व्यवसाय बदलायची घाई करू नका.

शक्य असेल तर पहिले सहा महिने जनरल वॉर्डात काढा, मेडिसिन किंवा सर्जरी. आठ-दहा पेशंटांतून कोण बिघडतोय हे नजरेने ओळखायची सवय तिथेच लागते. ऑक्सिजन सॅच्युरेशन ९६ आहे, पण पेशंट मिनिटाला ३० श्वास घेतोय आणि वाक्य पूर्ण करत नाही, हे मॉनिटर सांगत नाही. मग इनचार्ज सिस्टरांकडे रोटेशन मागा. तोंडी मागून काम होत नसेल, तर अर्ज द्या.

विभागांबद्दल थोडं माझं मत सांगते. ओटीमध्ये (ऑपरेशन थिएटर) हात स्वच्छ आणि डोकं शिस्तीचं लागतं, पण पेशंटशी बोलणं जवळजवळ नसतं. ज्यांना बोलायला आवडतं त्या तिथे दोन वर्षांत कोमेजतात. लेबर रूममध्ये आनंद आहे आणि पाच मिनिटांत होत्याचं नव्हतं होण्याची भीतीही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव ज्यांनी एकदा हाताळला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. एनआयसीयूत (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) औषधाचा डोस मिलीलीटरच्या दशांशात जातो, गणित कच्चं असेल तर आधी ते पक्कं करा. डायलिसिसला वेळा ठरलेल्या असतात आणि तेच पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा वर्षानुवर्षं येतात. लहान मुलं घरी असलेल्या सिस्टरांना ते बरं पडतं. मानसिक आरोग्याकडे नवे लोक वळतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आपल्या राज्यात आहेत. चांगल्या प्रशिक्षित नर्सची गरज तिथे आहे आणि शहरांतल्या खासगी मानसोपचार केंद्रांतही वाढते आहे.

शिक्षणाच्या पायऱ्या, आणि कोणती कुणासाठी

पदवी निवडताना स्वतःला एकच विचारा: ही पदवी कोणतं दार उघडते, जे आज मला बंद आहे? उत्तर देता आलं नाही, तर फॉर्म भरू नका.

जीएनएम झालेल्यांसाठी पुढची सरळ पायरी म्हणजे पोस्ट बेसिक बीएस्सी, दोन वर्षांची. पदवीधर झाल्यावर एमएस्सी, मिलिटरी नर्सिंग, शिकवण्याच्या जागा हे सगळं उघडतं. लांबचा विचार असेल तर ती कधीतरी करावीच. कधी करायची, हा प्रश्न आहे. त्याचा हिशोब खाली मांडला आहे.

एमएस्सी नर्सिंग दोन वर्षांचं आहे. मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, सामुदायिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य असे त्याचे मुख्य विषय. प्रवेशाला किमान ५५ टक्के गुण आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. बीएस्सी केलेल्यांना हा अनुभव पदवीनंतरचा हवा. पोस्ट बेसिक केलेल्यांना आधीचा किंवा नंतरचा, कोणताही चालतो. बारावीनंतर बीएस्सी आणि लगेच एमएस्सी अशी सलग उडी मारायची ज्यांची इच्छा असते, त्यांना हे एक वर्ष जाचक वाटतं. मला ते कमी वाटतं. स्वतः कधी रात्रीची ड्युटी न केलेली शिक्षिका विद्यार्थ्यांना वॉर्डात घेऊन येते, तेव्हा त्या विद्यार्थ्यांची अडचण मी रोज बघते.

एमएस्सीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. आपल्याकडे ही पदवी मुख्यतः अध्यापनाकडे आणि प्रशासनाकडे नेते. खासगी रुग्णालयात एमएस्सी करून पुन्हा बेडसाइडला आलात, तर पगारात फार फरक पडत नाही. शिकवायला आवडत असेल, विद्यार्थिनीने हाताने घातलेला पहिला रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) बघून आनंद होत असेल, तर जरूर करा. विषय मात्र गुणवत्ता यादीत जो मिळेल तो घेऊ नका. पुढची तीस वर्षं त्याच विषयाच्या जागांसाठी तुम्ही अर्ज करणार आहात.

आता ज्याकडे फार कमी जणी बघतात ते. पोस्ट बेसिक डिप्लोमा, एक वर्षाचा. क्रिटिकल केअर, इमर्जन्सी, ऑन्कॉलॉजी, कार्डिओथोरॅसिक, निओनेटल, रीनल, ऑपरेशन रूम, सायकियाट्रिक, बर्न्स असे बरेच प्रकार आहेत. नोंदणीकृत जीएनएम नर्सलाही तो करता येतो. ज्यांना बेडसाइड आवडतं आणि एका विभागात खोलवर जायचं आहे, त्यांच्यासाठी माझ्या मते पैशाच्या आणि वेळेच्या मानाने हा सर्वांत चांगला मार्ग आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये ऑन्कॉलॉजी नर्सिंगचं शिक्षण आहे. तिथून शिकून आलेली सिस्टर केमोपोर्ट (केमोथेरपीसाठी त्वचेखाली बसवलेला पोर्ट) हाताळताना बघितली की एका वर्षाचं मोल कळतं. अट एकच: संस्थेचा तो विशिष्ट डिप्लोमा मान्यताप्राप्त आहे का, हे कौन्सिलच्या यादीत स्वतः बघा. संस्था मान्य असते आणि तो कोर्स नसतो, असंही होतं.

नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा नवा अभ्यासक्रम आहे. दोन वर्षांचा, रेसिडेन्सीच्या धर्तीवर, म्हणजे बहुतेक शिक्षण पेशंटजवळच होतं. बीएस्सी आणि किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. शिक्षण उत्तम आहे. पण त्या नावाची पदं रुग्णालयांत अजून मोजकी आहेत, हे जाणूनच जा. मिडवाइफरीतही नर्स प्रॅक्टिशनरचं १८ महिन्यांचं प्रशिक्षण सुरू झालं आहे. लेबर रूमवर जीव असलेल्यांनी त्यावर नजर ठेवावी.

प्रवेशाच्या बाबतीत, आपल्या राज्यात पदवी आणि पदव्युत्तर नर्सिंगचे प्रवेश सीईटी कक्षामार्फत होतात आणि महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात. "हजेरी लावायची गरज नाही, फक्त परीक्षेला या" असं सांगणारा शेजारच्या राज्यातला एजंट तुम्हाला नक्की भेटेल. त्याला नकार द्या. तो कागद पुढे नोंदणीच्या किंवा परदेशी पडताळणीच्या टेबलावर उघडा पडतो. शिवाय पेशंटला त्या न भरलेल्या हजेरीची किंमत मोजावी लागते.

सरकारी नोकरी

एम्सची नॉरसेट ही परीक्षा आज देशात सर्वांत मोठी संधी आहे. नर्सिंग ऑफिसरचं पद, सातव्या वेतन आयोगाची पातळी ७, म्हणजे सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये आणि त्यावर भत्ते. खुल्या गटासाठी वय ३० पर्यंत, आरक्षित गटांना सवलत. बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक झालेल्यांना थेट बसता येतं. जीएनएम असाल, तर किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. खाटांच्या आकड्याचं महत्त्व ते हेच. १५ खाटांच्या नर्सिंग होममध्ये तुम्ही चार वर्षं कितीही जीव ओतून काम केलं असेल, तरी इथे ती धरली जात नाहीत.

परीक्षा दोन टप्प्यांत होते. पूर्व परीक्षा फक्त पात्रतेची, निवड मुख्य परीक्षेच्या गुणांवर. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. एम्समध्ये ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना असल्यामुळे ब्रदर लोकांची स्पर्धा फार तीव्र होते. त्यांनी रेल्वे आणि ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) जाहिरातींवरही सारखंच लक्ष ठेवावं. आणि नागपूरचं एम्स मिळेलच असं धरून अभ्यास करू नका. गुवाहाटी किंवा भटिंडा मिळालं तर जाणार का, हे घरी आधी बोलून घ्या. निवड झाल्यावर "लांब आहे" म्हणून घरच्यांनी अडवलेल्या दोन मुली माझ्या ओळखीच्या आहेत.

राज्य शासनात अधिपरिचारिकेचं पद असतं, मूळ वेतन ३५,४०० पासून. पुढे परिसेविका (वॉर्डाची इनचार्ज सिस्टर), पाठ्यनिर्देशिका (शिकवणारी सिस्टर), अशी बढतीची वाट. वैद्यकीय शिक्षण विभाग, सार्वजनिक आरोग्य विभाग आणि महानगरपालिका यांच्या जाहिराती वेगवेगळ्या निघतात आणि दोन भरत्यांमध्ये बरीच वर्षं जाऊ शकतात. त्यामुळे फक्त या परीक्षेच्या भरवशावर नोकरी सोडून घरी बसू नका. ड्युटी करत अभ्यास करता येतो. मेडिसिनचा पेशंट हातात असताना त्याच संध्याकाळी तो आजार वाचला, तर क्लासच्या नोट्सपेक्षा जास्त लक्षात राहतो.

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा मार्ग पदवीधर महिलांसाठी आहे. लेफ्टनंट म्हणून सुरुवात होते. बदल्या, शिस्त आणि मान, तिन्ही भरपूर.

समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे उपकेंद्राचं जे आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालं आहे तिथलं काम, बीएस्सी झालेल्यांसाठी चांगलं आहे. राज्यात मानधन २५,००० आणि कामगिरीनुसार १५,००० पर्यंत मोबदला, असं त्याचं स्वरूप राहिलं आहे. नव्या बीएस्सी अभ्यासक्रमात या कामाचं प्रशिक्षण सामावलेलं आहे. जुन्या अभ्यासक्रमातून आलेल्यांनी जाहिरातीतली पात्रता नीट वाचावी. नोकरी कंत्राटी आहे, हे मात्र विसरू नका. पण बीपी, शुगर, गरोदर माता, तोंडाच्या कॅन्सरची तपासणी हे सगळं स्वतःच्या जबाबदारीवर करायची संधी एवढ्या लवकर दुसरीकडे मिळत नाही.

परदेश

परदेशात जायला माझी ना नाही. माझ्या बॅचच्या मैत्रिणींनी परदेशातल्या पगारावर गावाकडे घरं बांधली, भावंडांची शिक्षणं केली. पण जायचं तर देश आधी ठरवा, एजंट नंतर.

आखाती देशांना साधारण दोन वर्षांचा सलग अनुभव हवा असतो. मधे खंड पडलेला चालत नाही. कागदपत्रांची डेटाफ्लो या कंपनीकडून पडताळणी होते आणि त्या देशाची परवाना परीक्षा द्यावी लागते. दुबई, अबूधाबी, सौदी, प्रत्येकाची वेगळी. पगार लवकर सुरू होतो, पण कायमचं राहणं नसतं.

ब्रिटनला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात ६.५ आणि बाकी तिन्हींत ७, किंवा ओईटी या आरोग्य क्षेत्रासाठीच्या इंग्रजी परीक्षेत लेखनात सी प्लस आणि बाकीत बी लागतो. मग संगणकावरची सीबीटी इथे भारतात आणि प्रात्यक्षिकाची ऑस्की तिथे गेल्यावर. मात्र २०२४ पासून तिथली परदेशी नर्सची भरती बरीच मंदावली आहे. चार वर्षांपूर्वी गेलेल्या ताईच्या सांगण्यावरून आज कर्ज काढू नका.

अमेरिकेसाठी एनक्लेक्स-आरएन ही परवाना परीक्षा. परीक्षा पास होणं जमतं, पण पुढे व्हिसाच्या रांगेत वर्षं जातात. त्या वर्षांत इथे काय करणार, हे ठरवूनच पैसे भरा.

जर्मनीत भाषा हीच खरी परीक्षा. नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला बहुतेक ठिकाणी भाषेची बी-२ (वरची मध्यम) पातळी लागते. ड्युटी करत शून्यापासून बी-२ म्हणजे दीड-दोन वर्षांची रोजची मेहनत धरा. पुण्यात आणि मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे आणि पुण्यात जर्मन शिकवणाऱ्यांची जुनी परंपराही आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याअंतर्गतच्या योजनांच्या घोषणा सरकारी संकेतस्थळावरच वाचा. तिथे पोचल्यावर पहिले महिने पेशंटची अंघोळ, भरवणं, कूस बदलणं हे सगळं नर्सच करते. इथे ते मावशींनी केलं असेल आणि तुम्हाला त्यात कमीपणा वाटत असेल, तर आधी स्वतःशी बोला. मला विचाराल तर नर्सिंगचा गाभा तोच आहे.

एजंटबद्दल दोन ठाम गोष्टी. आखाती देशांसह इमिग्रेशन तपासणीच्या यादीतल्या १८ देशांत नर्स म्हणून जायचं तर सरकारच्या ई-मायग्रेट यंत्रणेतूनच जावं लागतं, आणि नोंदणीकृत एजंटला घेता येणारं सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच आहे. कुणी तीन लाख मागत असेल, तर तिथेच थांबा. ब्रिटनच्या भरतीच्या आचारसंहितेनुसार तर उमेदवाराकडून भरतीचं शुल्क घ्यायचंच नसतं. टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे नोकरी मिळते, असं सांगणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा.

बेडसाइडपासून दूर जायचं असेल तर

पाठीचं दुखणं, घरची जबाबदारी किंवा मनाचा कल, कारण काहीही असो, त्याची लाज बाळगू नका. इन्फेक्शन कंट्रोल नर्स, एनएबीएच या रुग्णालयांच्या गुणवत्ता मानांकनाचं काम करणारी क्वालिटी विभागातली नर्स, ट्रेनिंग विभागातली एज्युकेटर या वाटा रुग्णालयाच्या आतच आहेत. पहिल्या दोन-तीन वर्षांत ऑडिटच्या कामात स्वतःहून हात पुढे केलात तर त्या उघडतात. हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन किंवा सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवीही घेता येते. पण किमान तीन वर्षं वॉर्डात काढल्याशिवाय तिकडे जाऊ नका. वॉर्ड न कळलेल्या नर्सने लिहिलेल्या पॉलिसी वॉर्डात कुणी वाचत नाही.

हिशोब मांडा

आता निर्णय. वहीचं मागचं पान उघडा आणि आकडे लिहा. एक उदाहरण घेऊ.

समजा तुम्ही जीएनएम आहात, वय २३, पगार महिना १८,०००. पोस्ट बेसिकला पूर्णवेळ गेलात, तर दोन वर्षांचा बुडालेला पगार ४,३२,०००. फी वर्षाला एक लाख धरली तर आणखी २,००,०००. एकूण ६,३२,०००. पदवीनंतर त्याच रुग्णालयात पगार महिना ५,००० ने वाढला, तर वर्षाला ६०,०००. म्हणजे पैसे वसूल व्हायला दहा वर्षांहून जास्त. हा आकडा बघून मुली गप्प होतात.

दुसरा पर्याय. हीच दोन वर्षं १०० खाटांच्या रुग्णालयात काढली आणि रोज दोन तास अभ्यास केला, तर २५ व्या वर्षी तुम्ही नॉरसेटला पात्र होता. पाच वर्षांची खिडकी हातात उरते. पगार चालू राहतो आणि आखाती देशांसाठीचा अनुभवही त्यातच मोजला जातो. पोस्ट बेसिक नंतर करता येतं.

म्हणून केवळ नॉरसेटला बसण्यासाठी जीएनएम मुलीने पोस्ट बेसिकची घाई करू नये, असं माझं मत आहे. पण तिला शिकवायचं असेल, मिलिटरी नर्सिंगला जायचं असेल, किंवा सरकारी महाविद्यालयात कमी फीची जागा मिळत असेल, तर हिशोब उलटा होतो आणि मग लवकर जाणंच बरं. बीएस्सी झालेल्यांचं गणित वेगळं आहे. त्यांना वयाच्या अटी असलेल्या परीक्षा आधी द्यायला हव्यात. एमएस्सी तिशीनंतरही करता येतं.

आकड्यांच्या शेजारी आणखी तीन गोष्टी लिहा. घरी दर महिन्याला किती पाठवावे लागतात. लग्नाबद्दल घरचे काय ठरवून बसले आहेत आणि तुम्हाला काय हवं आहे. आणि शहर सोडायची तयारी आहे का. लग्नाची बोलणी चालू असतील, तर "मी नाईट करणार, पुढे शिकणार" हे पहिल्याच भेटीत सांगा. हे सांगायला घाबरलेल्या मुलींनी पुढे नोकरीच सोडलेली मी पाहिली आहे, आणि त्यातल्या दोघी माझ्या हाताखालच्या सर्वांत हुशार मुली होत्या.

मग एकच मुख्य वाट निवडा आणि तिला तारीख द्या. "दोन प्रयत्न, मार्च २०२८ पर्यंत" अशी. सोबत एक दुसरी वाट असू द्या, पण तिच्या तयारीतला निम्मा भाग तरी पहिलीशी जुळणारा असावा. नॉरसेट आणि राज्याची भरती जुळतात. क्रिटिकल केअरचा अनुभव आणि आखाती देश जुळतात. नॉरसेट आणि जर्मन भाषा एकत्र जुळत नाहीत. ड्युटी सांभाळून दोन्ही करणाऱ्या मुली दोन्हीकडे अर्ध्यावर थांबतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

निवड झाली की त्या वाटेवर आधीच चालणाऱ्या दोघींशी बोला. क्लासच्या जाहिरातीतल्या टॉपरशी बोलून उपयोग नाही. गेल्याच वर्षी लागलेली एक आणि दोनदा प्रयत्न करून न लागलेली एक, अशा दोघी शोधा. दुसरीशी जास्त वेळ बोला. तिला विचारा, ड्युटीचे तास आणि अभ्यास कसे बसवले, पैसे कुठे गेले, पुन्हा करायचं तर काय वेगळं करशील.

आणि या आठवड्यात एकच काम करा. एचआरमध्ये जा आणि सध्याच्या नोकरीचा अनुभवाचा दाखला खाटांच्या संख्येसह मागा. नोकरी सोडायची नसली तरी मागा. नमुना त्यांच्याकडे नसेल, तर स्वतः टाइप करून न्या. देतो-देतो म्हणून टाळलं, तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच फाइलला लावा.